जोत्यावरची माणसं

आमच्या घरात रडायला बंदी नव्हती, पण कुणी रडायला लागलं की वडील एकच वाक्य म्हणायचे, "आपण दगडी जोत्याची माणसं आहोत." त्यापुढे समजूत नाही, डोक्यावरून हात नाही. शाळेत कुणी चिडवलं, भावाचा दहावीला एक विषय राहिला, आईला बाळंतपणानंतर अंथरुणातून उठवेना, सगळ्यावर हाच उतारा. लहानपणी मला वाटायचं की माणसांचे दोनच प्रकार असतात, जोत्याची आणि बिनजोत्याची, आणि बिनजोत्याची बिचारी रडत असतात.

गंमत म्हणजे ते जोतं आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. वडील दहा-अकरा वर्षांचे असताना गाव सोडून शहरात त्यांच्या मामाकडे आले. पुढे काही वर्षांनी पैठणला धरण झालं आणि गाव नाथसागराच्या पोटात गेलं. आजोबा तोवर गेले होते. नवं गाव वर माळावर वसलं, पण तिथे आमचं म्हणून काही नव्हतं. आई लग्न होऊन आली ती थेट सिडकोतल्या दोन खोल्यांत. कुणी तिला सासर कुठलं विचारलं की ती म्हणायची, "मी आले तेव्हा सासर पाण्यातच होतं." वडिलांना ते आवडायचं नाही.

वडील मात्र त्या घराचं वर्णन असं करायचे की डोळे मिटून मी त्याचा नकाशा काढू शकले असते. काळ्या घडीव दगडांचं, मोठ्या माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच जोतं. वर जायला पायऱ्या. वर ऐसपैस ओटा, आणि ओट्याच्या कोपऱ्यातल्या एका दगडातच खोदलेलं उखळ, त्याच्या काठाचा एक कपचा उडालेला. संध्याकाळी ओट्यावर बसलं की गोदावरीकडून वारा यायचा. हातावर गरम भाकरी आणि तिच्यावर ठेचा. इथपर्यंत आले की वडिलांचा आवाज बदलायचा.

"आणि आत काय होतं?" मी विचारायचे.

"आत घर होतं. घरात काय असतं?" ते म्हणायचे आणि परत ओट्यावर यायचे. आतल्या खोल्या, चूल, देवघर, माळवद, यातलं त्यांनी कधी काही सांगितलं नाही. लहान वयात गाव सुटलं, विसरले असतील असं आम्ही धरून चाललो होतो.

जोत्याच्या माणसांचे नियम असत. कुणाच्या घरी गेलं आणि खायला पुढे केलं की "जेवून आलोय" म्हणायचं. चहा विचारला तर "आत्ताच झाला". उसनं मागायचं नाही, साखर नाही, मिरची नाही, पाणी तर नाहीच. सिडकोत तेव्हा उन्हाळ्यात नळाचा नेम नसायचा. आमच्या गल्लीत बायका एकमेकींच्या दारात हंडे घेऊन बिनधास्त उभ्या राहायच्या, हसायच्या, भांडायच्या. आमच्याकडे पाणी संपलं की वडील सायकलला दोन कॅन अडकवून कुठल्या तरी लांबच्या हापशावर जायचे, पण शेजारी जायचे नाहीत. आई म्हणायची, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा." पण तीही गेली नाही कधी.

माझं लग्न ह्याच जोत्यावर अडलं. मुलगा चांगला होता, जालन्याला नोकरीला. मला तो आवडलाही होता, हे आता सांगायला हरकत नाही. त्याच्या आजीला चालवत नव्हतं, म्हणून त्यांनी निरोप पाठवला की मुलीला एकदा इकडेच घेऊन या, आजी पाहील. एवढंच. वडील म्हणाले, "दगडी जोत्याची माणसं आहोत. पोरगी दाखवायला कुणाच्या दारात जाणार नाही." ते स्थळ गेलं. नंतरची दोन-तीन मी स्वतःच मोडली. कुणी जरा भुवई वर केली की माझ्यातलं जोतं ताठ उभं राहायचं. वडिलांना दोष देऊन मोकळं होता येत नाही मला. एव्हाना ते वाक्य त्यांनी म्हणायची गरजच उरली नव्हती, माझं मीच म्हणत होते.

पितरांना पाणी देण्याचा आमचा दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा. कुंभाराकडून करा आणि केळी आणायची, ही दोन मातीची भांडी, लहान कऱ्याखाली मोठी केळी. ती पाण्याने भरून पितरांच्या नावाने पुजायची, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. हे सगळीकडे होतं. वडिलांनी त्यात आपली एक भर घातली होती. पूजा झाली की कऱ्यातलं पाणी बाटलीत घ्यायचं, यष्टीने बिडकीनच्या पुढे जायचं, तिथून मिळेल त्या वाहनाने नाथसागराच्या काठावर, आणि गावाच्या दिशेने ते पाणी सोडायचं. घरच्यांना घरी पाणी द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

"पाण्यात बुडालेल्यांना पाणी पाजायला तिकीट काढून जायचं," आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची.

"नळाला येतं ते पाणी तिथलंच आहे," वडील म्हणायचे. "त्यांचंच त्यांना नेऊन देतो. उसनं ठेवत नाही."

मी पुढे भूगोलाची शिक्षिका झाले आणि वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले की जायकवाडी हे मातीचं धरण आहे, त्याचं पाणी अमुक शेतीला, तमुक उद्योगांना आणि शहराला मिळतं. शिकवताना एकदाही मला वाटलं नाही की ह्या धड्यात माझं घर आहे. शहर वाढत होतं. बीड बायपासच्या पलीकडे जिथे ज्वारी असायची तिथे इमारती उठल्या. सिडकोतलं घर विकून आम्हीही तिकडे तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पाइपलाइन अजून यायची होती, ती येतच राहिली. सोसायटी टँकरवर चालायची. आई त्या फ्लॅटमध्ये वर्षभरही राहिली नाही, वारली. भाऊ नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि तिथलाच झाला.

मग ज्या वर्षी जालन्याकडे लोकांनी वाळलेल्या मोसंबीच्या बागा तोडून सरपण केलं, त्या वर्षी नाथसागर आटला. काठ रोज मागे सरकत होता. वडिलांच्या कुणी ओळखीच्याने सांगितलं, तुमचं गाव उघडं पडलंय. आखाजीला भाऊही सुट्टी काढून आला आणि आम्ही तिघं गाडीने गेलो.

जिथे पाणी असायचं तिथे भेगाळलेला गाळ होता आणि त्यातून घरांच्या पायांच्या रेषा वर आलेल्या. वडील पुढे चालत होते, आम्ही मागे. इतकं भरभर चालताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. एका जागी ते थांबले. समोर काळ्या घडीव दगडांचं जोतं होतं, निम्मं गाळात रुतलेलं, पण सरळ. त्यांनी चपला काढल्या, वर चढले, कोपऱ्यात गेले आणि हाताने गाळ उकरू लागले. उखळ निघालं. काठाचा कपचा उडालेला होता.

तोवर मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात मला वाटायचं की वडील जरा वाढवून सांगतात. इथे तर शब्दन् शब्द खरा निघाला होता. वडील उखळाशेजारी मांडी घालून बसले आणि ऊन उतरेपर्यंत बसून राहिले. भावाने त्यांचा फोटो काढला. तो फोटो मोठा करून त्याने बंगळूरच्या घरात लावलाय. त्याची मुलगी मैत्रिणींना तो दाखवून सांगते की हा आमचा वाडा होता. जोत्याचा वाडा कधी झाला, मला कळलं नाही.

पुढल्या दोन पावसाळ्यांनंतर वडील गेले. आखाजीचं कोण करणार, हा प्रश्न निघाला. नात्यातल्या एक-दोघांनी कळवलं की मुलीने पितरांना पाणी देणं शास्त्रात बसत नाही. भाऊ फोनवर म्हणाला, "तू कर गं, तू तिथे आहेस." बसत असो नसो, दुसरं कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाच ते सोडायचं नव्हतं. घरी कुणी नाही, कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही. कुणीतरी कुणाची म्हणून ओळखावं असं एकच ठिकाण उरलं होतं आणि ते पाण्याखाली होतं. दर आखाजीला मी बाटली घेऊन काठावर उभी राहायचे, पाणी सोडायचे, पर्समधला डबा उघडून एकटीच पोळी खायचे आणि परत यायचे. बिडकीनच्या आसपास रस्ते रुंद होत गेले, कारखान्यांचे पत्रे चमकायला लागले, यष्टीत ओळखीचं कुणी भेटेना.

काही वर्षांनी पुन्हा तसाच दुष्काळ आला. आमच्या सोसायटीचा बोअर आटला, टँकर आला तर आला. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभींच्या दिरांचा पाण्याचा धंदा होता, त्यामुळे त्यांच्याकडे पिंपं भरलेली असायची. त्या जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "टीचर, पानी होना क्या?" मी म्हणायचे, "है, है. भरके रखा है." घरात दीड बादली असायची. आखाजीच्या आदल्या दिवसापासून तेवढंही नव्हतं. बाजारातल्या लिटरच्या दोन बाटल्या फोडून मी करा भरला, कसातरी नैवेद्य केला आणि निघाले. गाव पुन्हा उघडं पडलं होतं. यंदा पाणी काठावरून नाही, जोत्यावर जाऊन द्यायचं, म्हणून करा तसाच फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून नेला.

काठावर ट्रॅक्टरांची रांग होती. शेतात टाकायला लोक गाळ उपसून नेत होते. मी जोतं लांबूनच ओळखलं. जवळ गेले तर त्यावर एक म्हातारी बसलेली, नऊवारीतली, सत्तरीच्या पुढची. तिच्यासमोर करा-केळी मांडलेली आणि पानावर नैवेद्य.

आमच्या जोत्यावर आमच्याच दिवशी कोण ही?

"आजी," मी जमेल तेवढ्या सौम्यपणे म्हटलं, "हे जोतं आमचं आहे."

तिने डोळ्यांवर आडवा हात धरून मला पाहिलं. रागावली नाही. "तुमचं? कोणाची गं तू बाई?"

मी वडिलांचं, आजोबांचं नाव सांगितलं. ती आठवत राहिली. मी वर चढले आणि तिला उखळ दाखवलं, जसं कोर्टात दाखवतात तसं. म्हटलं, हा कपचा उडालेला आहे ना, माझ्या वडिलांनी मला लहानपणीच सांगितलं होतं.

म्हातारी हसली. तिने उखळाच्या काठावर बोट फिरवलं. "ह्यो कपचा? ह्यो माझ्या हातून उडाला. नवी नवरी व्हते मी, तेरा वर्साची. मुसळ सुटलं हातातून. सासू लई दिवस बोलली नाय माझ्याशी. मग जाऊ म्हणली, बोलत नाय ते बरंय, बोलली तर कान दुखतील." हे सांगताना ती आताच घडल्यासारखी दचकून मागे बघत होती. मला तेव्हाच कळलं की हे घर तिचं आहे. असं कुणी रचून सांगत नाही.

मग एकदम तिच्या चेहऱ्यावर ओळख आली. "थांब. त्यो व्हय तुझा बाप? गावाच्या कडंला घर व्हतं, त्याचा पोरगा? माय मेलेला?"

वडिलांची आई लवकर गेली एवढं मला माहीत होतं. मी मान हलवली.

"त्यो रोज हितंच असायचा की. दिवस मावळला की यिऊन ओट्यावर बसायचा, त्या उखळापशी. बाप त्याचा कामाला जायचा लांब, कधी रातच्याला यायचा, कधी नाय. घरात दिवा बी नसायचा. माझी सासू तशी खाष्ट, पण त्याच्या हातावर भाकर ठेवल्याबिगर जेवली नाय कधी. मग त्याचा मामा यिऊन घिऊन गेला त्याला. सासू चार रोज त्याची भाकर थापत व्हती चुकून."

मी विचारलं, आमचं घर कुठे होतं. तिने बाभळीच्या एका खुंटाकडे बोट केलं. "त्याच्या अंगाला. मातीचं व्हतं बाई, पांढऱ्या मातीचं. पहिल्याच पाण्यात बसलं आसंल खाली. मातीचं काय ऱ्हातंय?"

मी तिथवर चालत गेले. सपाट गाळ, उन्हाने तडकलेला. एक दगड नाही, एक खापर नाही. बराच वेळ मी उगाच पायाने माती उकरत राहिले. मला वडिलांचा राग आला, असा राग की ते समोर असते तर मी ओरडले असते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ज्या जोत्यावरून मी आयुष्यभर खाली उतरले नाही, ते आमचं नव्हतंच. जालन्याचा तो मुलगा, शेजारणींच्या दारातले हंडे, भाभींची पिंपं, सगळं आठवलं आणि तिथे, गाळात उभी राहून मी रडले. आपण दगडी जोत्याची माणसं आहोत असं म्हणायला आता कुणी नव्हतं.

राग फार टिकला नाही. त्या जागी उभं राहून जोत्याकडे पाहिलं तर ते किती उंच दिसत होतं. अंधाऱ्या घराच्या दारातून एका लहान मुलाला ते असंच दिसत असणार, वर कंदील, माणसं, भाकरीचा वास. आतल्या खोल्या त्यांनी मला कधी का सांगितल्या नाहीत ते मला आत्ता कळत होतं. आत ते गेलेच नव्हते. ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. जिथे भाकर मिळाली ते घर, असं त्या मुलाने ठरवलं असेल, आणि मग मोठं होता होता उरलेलं विसरून गेला असेल.

परत आले तेव्हा म्हातारीने तिचा करा थोडा बाजूला सरकवला होता. "ठेव तुझा हितंच," ती म्हणाली. "पाण्याला काय, दोघांला पुरंल." मी माझा करा तिच्या कऱ्याशेजारी ठेवला आणि हात जोडले. कुणाला जोडले ते मला नीट सांगता येणार नाही. तिच्या त्या खाष्ट सासूलाही त्यात धरलं होतं, हे नक्की.

मग तिने पोळी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.

"नको आजी, मी जेवून आलेय," मी म्हटलं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

म्हातारी हात मागे घेईना. "तुझा बाप बी आसंच म्हणायचा," ती म्हणाली. "रोजच्याला. जेवून आलोय म्हणायचा, अन् मंग खायचा."

मी पोळी घेतली. उखळापाशी बसून खाल्ली. गूळ थोडा कमी होता आणि गार झाली होती, पण मी ती सगळी खाल्ली. खाली तिच्या मुलाचा ट्रॅक्टर भरून झाला, त्याने हाक मारली, आणि ती माझ्या खांद्याचा आधार घेत उतरून गेली. जाताना म्हणाली, पुढल्या साली पाणी आलं तर बरं, नाय आलं तर ये.

भावाला मी हे अजून सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉल केला की सांगू असं ठरवते, आणि त्याच्या मागे भिंतीवर वडिलांचा तो फोटो दिसतो. ते इतके निवांत बसलेत त्यात. कधीतरी सांगेन, आणि त्याच्या मुलीलाही सांगेन, कारण घरोघरी मातीच्या चुली असतात, आणि आमचं तर घरच मातीचं होतं.

त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा नळ कोरडा होता, टँकर आला नव्हता. पायांवर गुडघ्यापर्यंत गाळाची धूळ बसली होती आणि ती धुवायला तांब्याभर पाणी नव्हतं. मी बादली घेतली. दारात थोडी थांबले. मग समोरची बेल वाजवली.

भाभींनी दार उघडलं, माझे पाय पाहिले, बादली पाहिली.

"भाभी, थोडा पानी मिलेगा?"

"लेव ना, कित्ता होना उत्ता," त्या म्हणाल्या. बादली त्यांनी माझ्या हातातून घेतली सुद्धा. आतून वळून विचारलं, "चाय रखी मैं. पीते ना?"

आत्ताच झाला, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. मी चपला काढल्या आणि आत गेले.